दक्षिणेची खिडकी

दक्षिण दिशेबद्दल आपल्या मनात लहानपणापासून एक अढी असते. ती यमाची दिशा. तिकडे पाय करून निजायचे नाही, दिव्याची वात तिकडे वळवायची नाही, आणि घर घ्यायला निघालात तर दक्षिणदारी घर कितीही स्वस्त मिळत असले तरी वडीलधाऱ्यांना विचारल्यावाचून बयाणा द्यायचा नाही. आमच्या आईने पुण्यातला एक चांगला हवेशीर फ्लॅट केवळ याच कारणासाठी नाकारला होता, आणि त्यानंतर पंधरा वर्षे ती त्या फ्लॅटच्या वाढत्या किमतीबद्दल वडिलांचे टोमणे ऐकत होती. मी मराठीचा प्राध्यापक. असल्या समजुतींवर वर्गात बसून विनोद करणे हे माझ्या धंद्याचेच काम. परंतु वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, घरापासून हजारो मैलांवर, मी रोज सकाळी दक्षिणेच्या एका खिडकीसमोर भक्तिभावाने उभा राहू लागलो, ही हकीकत मात्र मी वर्गात कधी सांगितलेली नाही. ती येथे सांगतो.

माझी ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. १९९० च्या उन्हाळ्यात लग्न होऊन ती अमेरिकेत मिनियापोलिसला गेली आणि तिथलीच झाली. भावोजी जाऊन दोन वर्षे झाली होती आणि भाची नोकरीसाठी सिॲटलला होती. अशात २०२२ च्या नोव्हेंबरअखेर ताई स्वतःच्याच दारापुढे बर्फावरून घसरली आणि तिचा घोटा मोडला. तार यावी तसा भाचीचा फोन आला. त्याच संध्याकाळी पुण्यात आमच्या घरी एक छोटी गोलमेज परिषद भरली. आई, थोरले काका, मामा, माझी पत्नी, सगळे होते. एकमताने ठराव झाला की, ताईने आता ते घर विकावे आणि पुण्याला परत यावे. एकटीने त्या बर्फात राहण्यात काय अर्थ? हा ठराव तिच्या गळी उतरवायला कोणाला पाठवायचे, याचाही निर्णय लगेच झाला. माझ्याजवळ व्हिसा होता, कॉलेजात बिनपगारी रजा मिळण्यासारखी होती, आणि ‘लहानपणी तिनेच तुला कडेवर वागवला’ हे आईचे म्हणणे बिनतोड होते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि ठराव असे चार जिन्नस घेऊन मी मिनियापोलिसला उतरलो.

पहिले तीन जिन्नस मी त्याच दिवशी ताईच्या हवाली केले. चौथा मात्र बॅगेतच राहिला.

मिनियापोलिस साधारण ४५ अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तिथे दिवस पावणेनऊ तासांचा असतो. सकाळी पावणेआठच्या सुमारास उजाडते आणि साडेचारला दिवेलागण होते. पुण्यात त्याच दिवशी आपल्याला अकरा तासांचा उजेड मिळतो आणि तरीही ‘दिवस किती लहान झाला’ म्हणून आपण कुरकुरतो! त्यात तो हिवाळा काही साधा नव्हता. त्या मोसमात तिथे सुमारे ९० इंच बर्फ पडला. तिथल्या नोंदींतला हा तिसऱ्या क्रमांकाचा बर्फाळ हिवाळा. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठले की आमची वर्तमानपत्रे पहिल्या पानावर छायाचित्र छापतात. या छायाचित्राच्या बळावर बर्फ म्हणजे काय ते आपल्याला कळले आहे, अशा समजात मी होतो.

आणि ‘बर्फ’ हा शब्द तरी आपला कुठे आहे? तो फारसीतून आला. गंमत म्हणजे आपली बर्फीही त्याच घरातली. आकाशातून पिसासारखे भुरभुरत येते ते बर्फ, रस्त्यावर काचेसारखे घट्ट होते तेही बर्फ, उसाच्या रसात घालतात तेही बर्फच. दव, दहिवर, धुके, गारा असे बारीकसारीक भेद करणारी माझी मराठी तिथे एकाच शब्दावर काम भागवताना पाहून मला तिची दया आली. जे आपल्या अंगणात पडत नाही त्याला भाषेने तरी शब्द कुठून आणावेत!

ताई पाय उशीवर ठेवून आरामखुर्चीत बसली होती. दुसऱ्याच दिवशी तिने माझ्या हातात एक कागद ठेवला. वेळापत्रक! सकाळी सातला दिवे लावणे, साडेसातला फावड्याने पायवाट साफ करणे, नऊला कुंड्या, दहाला स्वयंपाक, दुपारी वाचन, चारला पुन्हा कुंड्या. मी म्हणालो, “ताई, मी तुझी सेवा करायला आलोय, शाळेत नाव घालायला नाही.”

“अरे, इथे हिवाळ्यात रिकामं बसायचं नसतं,” ती म्हणाली. “रिकामा माणूस इथे अंगावर बर्फ न पडतासुद्धा गाडला जातो.”

फावड्याचा तास मला लवकरच कळला. त्या शहरात बर्फ थांबल्यापासून २४ तासांच्या आत घरमालकाने आपल्या घरापुढचा पादचाऱ्यांचा रस्ता साफ करायचा, असा नियमच आहे. उणे वीस अंशांत नाकातला श्वास गोठल्यासारखा वाटतो. दोन सदरे, दोन स्वेटर, त्यावर भावोजींचा जाड कोट, कानटोपी आणि हातमोजे घालून मी बाहेर पडलो की आरशातल्या अस्वलाला मीच बिचकायचो. पहिल्या दिवशी दहा फूट वाट करून मी धापा टाकत आत आलो; तासाभराने पाहतो तो शेजारच्या वृद्ध गृहस्थाने आपले यंत्र फिरवून आमची उरलेली सगळी वाट साफ केली होती. मी आभार मानायला गेलो तर त्यांनी नुसती मान हलवली आणि दार लावून घेतले. पुण्यात हे काम कोणी केले असते तर निदान अर्धा तास माझ्या फावडे धरण्यातल्या चुका ऐकवून केले असते.

कुंड्यांचा तास मात्र माझ्या कल्पनेबाहेरचा निघाला. त्या घराची दिवाणखान्यातली मोठी खिडकी दक्षिणेला होती. घर पाहायला आले तेव्हा भावोजींनी, ऐकताय ना, खिडकी दक्षिणेला आहे म्हणून ते घर घेतले होते! त्या अक्षांशावर डिसेंबरात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम बावीस अंश वर चढतो. तो असतो दक्षिणेलाच, आणि इतका खाली की ऊन खिडकीतून शिरून थेट पलीकडच्या भिंतीपर्यंत पोचते. उत्तरेच्या खिडकीला चार महिने किरण म्हणून दिसत नाही. आपल्याकडची यमाची दिशा तिथे जीव धरून ठेवणारी होती.

त्या खिडकीत ताईचा सारा संसार मांडलेला होता. तुळस, पुदिना, कोथिंबिरीची परात, मेथीचे दोन चौकोनी डबे, कोरफड, फुलायच्या बेतात असलेला अमॅरिलिसचा कांदा, आणि या सगळ्यांच्या मधोमध, चाकांच्या पाटावर, छातीइतका उंच कढीलिंब.

“हे सगळं कधी सुरू केलंस?” मी विचारले.

तेव्हा तिने १९९१ सालची गोष्ट सांगितली. त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला तिथे बर्फाचे वादळ सुरू झाले आणि तीन-चार दिवसांत २८ इंच बर्फ पडला. ताईचा तो दुसरा हिवाळा. भावोजी कामाच्या ठिकाणी अडकून पडलेले, दारे बर्फाने अडलेली, ओळख कोणाशी नाही. “दोन दिवस नुसती रडत होते,” ती म्हणाली. “मग मसाल्याच्या डब्यातले मूठभर मेथीदाणे भिजवले आणि कॉफीच्या रिकाम्या डब्यात, बाहेर गारठून मेलेल्या झाडाच्या कुंडीतली माती घालून, पेरले. तिसऱ्या दिवशी कोंब आले. त्या दिवशी रडणं थांबलं.”

ही गोष्ट आम्हां पुण्याच्या मंडळींपैकी कोणालाच ठाऊक नव्हती. त्या वेळी तिची जी पत्रे येत, त्यांत ‘इथे बर्फ फार सुंदर दिसतो’ एवढेच असे.

मग माझे शिक्षण सुरू झाले. पहिला धडा मातीचा. घरातल्या कुंडीत बागेतली माती घालायची नाही. ती घट्ट बसते आणि मुळे गुदमरतात. दुकानातून हलके मिश्रण आणायचे. माती विकत घ्यायची, आणि तीही अशी की जिच्यात माती नाहीच, कुजलेले शेवाळ आणि भाजून फुगवलेल्या दगडाचा पांढरा चुरा आहे! दुसरा धडा हवेचा. घर गरम ठेवणाऱ्या भट्टीमुळे घरातली हवा कोरडी पडते. माणसाचे ओठ फुटतात तशी झाडाची पाने करपतात. त्यावर उपाय म्हणजे ताटलीत खडे पसरून, त्यांत पाणी ठेवून, वर कुंडी ठेवायची. कुंडीचे बूड पाण्यात बुडता कामा नये. कोरड्या हवेत तांबड्या कोळ्यांसारखी कीड पानांच्या पाठी जाळी विणते; ती दिसली की पाने साबणाच्या पातळ पाण्याने धुवायची. तिसरा धडा उजेडाचा. मी हौसेने धणे रगडून दोन फाका केल्या आणि परातीत पेरले. दहा-बारा दिवसांनी रोपे आली. पण आली ती लांबलचक, फिकट आणि लुळी. परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यास केलेल्या विद्यार्थ्याचे उत्तर असते ना, लांबी भरपूर आणि अंगात बळ नाही, तशी! ताईने विजेचा दिवा साखळीने रोपांच्या चार बोटे वर आणून ठेवायला लावला आणि तो रोज चौदा तास जळेल अशी कळ बसवली. पुढची पेरणी बुटकी, हिरवीगार आली.

दुपारच्या वाचनात मला या खिडकीचे पूर्वज भेटले. लंडनमधल्या नॅथॅनियल वॉर्ड नावाच्या डॉक्टरने १८२९ साली एका पतंगाचा कोश ओल्या मातीसह काचेच्या बंद बाटलीत ठेवला होता. शहरातल्या कोळशाच्या धुराने त्याच्या बागेतली नेची मरत होती, पण या बाटलीतल्या मातीतून एक नेचे आपोआप उगवले आणि तगले. त्यातून त्याने काचेच्या बंद पेट्या केल्या. पुढे अशाच पेट्यांतून चिनी चहाची रोपे हिंदुस्थानात आली. आपला सकाळचा चहा एका डॉक्टरच्या बाटलीचा ऋणी आहे! दुसरा भेटला तो वर्माँट राज्यातला विल्सन बेंटली नावाचा शेतकरी. बर्फाने शेत झाकले की शेतकऱ्याने काय करायचे? याने सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडला आणि १५ जानेवारी १८८५ रोजी, एकोणीस वर्षांचा असताना, बर्फाच्या एका कणाचे छायाचित्र घेतले. मग जन्मभर, प्रत्येक हिवाळ्यात, त्याने तेच केले आणि पाच हजारांहून अधिक कण टिपले. हिवाळा घालवायचा नसतो, त्याला काही तरी काम सांगायचे असते, हे त्याला ताईच्याही आधी उमगले असावे.

इतके सगळे चालले होते. पण चौथा जिन्नस? मी तो तीनदा बाहेर काढायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा ताई म्हणाली, “ते राहू दे, आधी पुदिन्याचे शेंडे खुड.” दुसऱ्यांदा मी ‘घराचं काय’ एवढे म्हणताच तिने मला छपराच्या कडेचा बर्फ पाडायला पिटाळले. तिसऱ्यांदा मी पुरती प्रस्तावना तयार केली होती. पण त्याच दिवशी कढीलिंबाने घात केला.

जानेवारी लागताच त्याची पाने पिवळी पडू लागली. रोज सकाळी कुंडीखाली दहा-वीस पाने. तो कढीलिंब काही साधा नव्हता. असली झाडे भारतातून नेता येत नाहीत. हे झाड लिंबू-संत्र्यांच्या कुळातले, आणि संत्र्याच्या बागांना नासवणारा रोग पसरवणारा किडा त्याच्यावर राहतो, म्हणून तिथला कायदा कडक आहे. भावोजींनी एका तेलुगू शेजारणीकडून, तिच्या झाडाच्या मुळाशी फुटलेला वीतभर फुटवा मागून आणला होता. चोवीस हिवाळे ते झाड त्यांनी ऑक्टोबरात घरात घेतले होते आणि मेअखेरीस अंगणात नेऊन ठेवले होते. ते माझ्या हाताखाली मरावे, ही कल्पनाच मला सहन होईना. मी त्याला पाणी घातले. पाने आणखी गळली. मी आणखी पाणी घातले. ताई निजली असताना चोरून घातले. संक्रांतीच्या सुमारास झाडावर एक पान उरले नाही, मातीला आंबूस वास येऊ लागला आणि कुंडीभोवती बारीक चिलटे घोंगावू लागली.

ताईचे प्लॅस्टर नुकतेच निघाले होते. ती काठी टेकत आली, मातीत बोट खुपसले, वास घेतला, आणि माझ्याकडे पाहिले. शाळेत पाटी फोडून आलो की ती असेच पाहत असे.

“ताई, मी आत्ता कुंडी बदलतो,” मी घाईघाईने म्हणालो. “नवी माती आणतो, मोठी कुंडी आणतो—”

“बाळ, त्याला काही झालेलं नव्हतं,” ती शांतपणे म्हणाली. “ते झोपलं होतं. दर हिवाळ्यात पानं टाकतं आणि झोपतं. त्या वेळी त्याला पाणी लागत नाही, खत लागत नाही. नुसतं ऊन दाखवायचं आणि विसरून जायचं. आणि झोपलेल्या झाडाची कुंडी तर कधीच बदलायची नसते.”

मी काही बोललो नाही. ती खुर्चीत बसली आणि बऱ्याच वेळाने, खिडकीबाहेर पाहत, म्हणाली, “आईला सांग, तुम्ही सगळे मला पाणी फार घालता रे.”

म्हणजे ठराव तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होता! बॅग उघडताना भाजणीखाली तो तिला दिसला असणार. मी मान खाली घालून बसलो. “इथे ठेवूनच घ्यायचं असं मी ठरवलेलं नाही,” ती पुढे म्हणाली. “यायचं झालं तर मीच येईन. पण ते गेल्यापासून माझा अजून हिवाळाच चालला आहे. हिवाळ्यात मला काही विचारू नका.”

त्यानंतर तो विषय त्या घरात निघाला नाही. कुंडी मी खिडकीला अगदी चिकटवून ठेवली आणि झारी तळघरात नेऊन ठेवली.

फेब्रुवारीत मी ताईला शेजारच्या सेंट पॉलमधल्या कोमो पार्कच्या काचगृहात नेले. १९१५ साली बांधलेले हे काचेचे घुमट बर्फात उभे आहेत. आत पाऊल टाकताच माझा चष्मा धुक्याने आंधळा झाला, आणि काही दिसायच्या आत वास आला. ओल्या मातीचा! जूनमधला, पहिल्या पावसाचा, आपल्या अंगणातला वास. चष्मा पुसून पाहतो तो वर ताडमाड, भोवती नेची, आणि ताई एका बाकावर डोळे मिटून बसलेली. इतर बाकांवरही माणसे तशीच बसली होती. कोट मांडीवर, डोळे मिटलेले. कोणी कोणाशी बोलत नव्हते. मला वाटे, ताई या देशात परकी आहे आणि एकटी आहे. तिथे बसल्यावर दिसले की, उन्हाची आणि ओल्या मातीची भूक असलेल्या त्या रांगेत ती कधीच परकी नव्हती.

ताई दर रविवारी दुपारी बारा वाजता एक उद्योग करी. खिडकीतून येणारे ऊन जमिनीवर जिथवर पोचे तिथे पेन्सिलीने रेघ ओढी. ही भावोजींची पद्धत. ते गेल्यावरही त्यांच्या जुन्या रेघा लाकडी जमिनीवर पुसट दिसत होत्या. डिसेंबरात ऊन पार पलीकडच्या भिंतीपाशी होते. जानेवारी सरता सरता ते मागे येऊ लागले. मला आधी वाईट वाटले. मग कळले की, सूर्य वर चढतो आहे म्हणून ऊन आखडते आहे. त्या घरात ऊन खोलीतून काढता पाय घेऊ लागले, की समजायचे, आता ते बाहेर येणार!

मार्चच्या अखेरीस मी निघालो. त्या दिवशी तिथला दुपारचा सूर्य पुण्यातल्या डिसेंबरच्या सूर्याइतका उंच आला होता. ज्याला आपण हिवाळ्याचे ऊन म्हणतो, तेवढे ऊन मिळवायला तिथल्या माणसांना तीन महिने वाट पाहावी लागते. अंगणात अजून गुडघाभर बर्फ होता आणि कढीलिंबाची नुसती काठी उभी होती. ताईने माझे बोट धरून त्या काठीपाशी नेले आणि म्हणाली, “नखाने जरा खरवड.” मी साल किंचित खरवडली. आत ओला हिरवा रंग होता.

पुण्याला आल्यावर परिषद पुन्हा भरली. “काय म्हणाली?” सगळ्यांनी एका आवाजात विचारले. मी म्हणालो, “कुंडी बदलायचा हा मोसम नाही म्हणाली.” काकांना वाटले, मी थट्टा करतो आहे. आई मात्र थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिली आणि उठून आत गेली. त्यानंतर फोनवर तिने ‘कधी येतेस?’ असे विचारले नाही. ‘मेथी आली का?’ असे विचारले.

जूनमध्ये ताईचे छायाचित्र आले. अंगणात कढीलिंब, अंगभर कोवळी पालवी, आणि शेजारी काठीशिवाय उभी असलेली ताई. ती अजून तिथेच आहे. मध्यंतरी एका हिवाळ्यात ती आपणहून पुण्याला आली, दोन महिने राहिली, आणि फेब्रुवारी संपायच्या आत परतली. टोमॅटोचे बी मार्चमध्ये घरात पेरावे लागते, हे कारण तिने दिले आणि आम्ही सर्वांनी ते मान्य केले.

दर भाऊबीजेला तिचा फोन येतो. त्याच्या थोडे दिवस आधीच तिने कुंड्या घरात घेतलेल्या असतात. मी तिला काय ओवाळणी घालू म्हणून विचारतो आणि ती दर वर्षी एकच मागते, मूठभर मेथीदाणे. आणि हो, आमच्या पुण्याच्या घराला दक्षिणेची एक खिडकी आहे. आईने तिच्यापुढे वर्षानुवर्षे कपाट उभे करून ठेवले होते. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत ते कपाट आईने स्वतःच हलवायला सांगितले.